दोन रकान्यांचा रेझ्युमे आणि तेरावा हप्ता

रेझ्युमे बिल्डरमध्ये, म्हणजे रेझ्युमे बनवून देणाऱ्या साइटवर, काय काय मिळतं ते सांगत बसत नाही. टेम्प्लेट, रंग, एआयने लिहिलेली वाक्यं आणि वर 'एटीएस-फ्रेंडली'चा बिल्ला (एटीएस म्हणजे कंपन्यांचं अर्ज हाताळणारं सॉफ्टवेअर), सगळीकडे तेच. मी पैसे भरून घेतला त्याचं नावही लिहीत नाही, कारण नोकरी शोधताना फुकटातलेही वापरून पाहिले आणि दुखणं थोड्याफार फरकाने तेच निघालं. लिहायला बसले ते नोकरीचे अर्ज घेणाऱ्या एका पोर्टलमुळे. रेझ्युमे अपलोड केला, पोर्टलने तो वाचून फॉर्म आपोआप भरला, आणि माझ्या शेवटच्या नोकरीचं पद आलं 'एक्सेल टीम लीड इंग्रजी'.

कारण दोन रकाने. डावीकडे रंगीत पट्टीत फोन, कौशल्यं, भाषा, उजवीकडे अनुभव. दिसायला झकास. पण पीडीएफला रकाना वगैरे काही कळत नाही. कुठलं अक्षर पानावर नेमकं कुठे छापायचं, एवढंच त्या फाइलला ठाऊक असतं. वाचनाचा क्रम सांगणारे टॅग आत घालता येतात. ते नसले की वाचणारं सॉफ्टवेअर अंदाजाने वाचतं. ते आडवं वाचत गेलं, तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते आणि माणसाला असं काहीतरी पद मिळतं.

हे तपासायला दमडी लागत नाही. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल, साधारण तेच पोर्टलच्या पदरात पडतं. माझ्या फोन नंबराआधीच्या चित्राचा रिकामा चौकोन झाला होता. इंग्रजी एफ-आय किंवा एफ-एफ-आय ही अक्षरं काही फॉन्टमध्ये एकाच आकारात छापली जातात. तो आकार नीट उतरला नाही, तर 'ऑफिस'मध्ये ओ, सी आणि ई एवढीच अक्षरं उरतात. 'सर्टिफाइड'चंही तेच. सर्टिफिकेट खरं, शब्द गायब!

आणि ते कौशल्याचे ठिपके! पाचपैकी चार भरलेले. ते चित्र असल्यामुळे पेस्ट केल्यावर उरत नाहीतच. उरले असते तरी चार ठिपके एक्सेल म्हणजे किती एक्सेल? पिव्होट टेबल येतं की नुसती बेरीज? माझ्या टेम्प्लेटमध्ये ठिपके काढायची सोयच नव्हती. सपोर्टला विचारलं, तर 'रंग बदलता येईल' असं उत्तर आलं. म्हणजे आता निळे ठिपके.

एवढं सगळं असून बिल्डरच्याच मीटरवर या रेझ्युमेला नव्वदीच्या वर गुण. दुसऱ्या साइटच्या मीटरवर तीच फाइल काठावर पास. गुण कमी दिसले की शेजारी 'अपग्रेड'चं बटण हजर असतं, यातच काय ते आलं. '७५ टक्के रेझ्युमे माणसापर्यंत पोचतच नाहीत' हे वाक्यही या साइट एकमेकींकडून उचलतात; त्यामागचा अभ्यास कुणी दाखवत नाही. एटीएस मुळात अर्ज साठवायला, चाळायला आणि शोधायला असतं. आपोआप नकार येतो तो बहुधा फॉर्ममधल्या हो-नाही प्रश्नांवरून.

इथपर्यंतचं आधी लिहून ठेवलं होतं. मग यादीच्या तळाशी एक रटाळ टेम्प्लेट सापडलं. एकच रकाना, रंग नाही, ठिपके नाहीत. तोच मजकूर त्यात टाकला आणि नोटपॅडमध्ये सगळं ओळीने उतरलं, पोर्टलनेही पद बरोबर उचललं. त्यामुळे बिल्डरला सरसकट शिव्या देणं सोडलंय. मजकूर एकदा भरला की टेम्प्लेट बदलताना पुन्हा टाइप करावा लागत नाही आणि प्रत्येक जागेसाठी वेगळी प्रत काढून दोन ओळी वरखाली करता येतात. वर्डमध्ये एक ओळ हलवली की तारखा भलतीकडे पळतात, तो वैताग इथे नाही. पण मग ते टेम्प्लेट तळाशी का? कारण पैसे रंगीत पट्टीवर मिळतात.

एआयची वाक्यं मात्र अजून पुसूनच टाकते. 'कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली' असं त्याने माझ्या नावावर परस्पर लिहून दिलं. मुलाखतीत कुणी विचारलं की कशी मोजली, तर उत्तर मलाच द्यायचंय.

आता पैसे. किरकोळ रकमेत काही दिवसांची ट्रायल, ती संपली की पूर्ण दर आपोआप कापला जातो, इथवर ठीक. वाचून घेतलं होतं. पण हप्ता महिन्याला नाही, दर ४ आठवड्यांनी. वर्षाला ५२ आठवडे, म्हणजे १३ हप्ते. जाहिरातीत दर महिन्यासारखा वाटतो आणि तेरावा हप्ता कुणाच्या हिशोबातच नसतो. रद्द करायचं बटण सेटिंगमध्ये खोल, त्याआधी चॅटबॉट, त्याआधी 'तुम्ही का जाताय' हा फॉर्म. रद्द झाल्याचा मेल येईपर्यंत टॅब बंद करू नका, आणि आपल्या फाइली आधी उतरवून घ्या.

गंमत म्हणजे फुकट खात्यात फक्त साधी टेक्स्ट फाइल मिळते, आणि पोर्टलच्या 'इथे पेस्ट करा' चौकोनात तीच बिनतक्रार बसते. पीडीएफच हवी असेल तर युरोपियन युनियनचं युरोपास हे रेझ्युमे बनवायचं साधन फुकट आहे, गूगल डॉक्समध्ये टेम्प्लेट आहेत. तिथेही एका रकान्याचंच घ्या. मी आता एकरकानी मजकूर डॉक्समध्ये ठेवलाय आणि तिथूनच पीडीएफ काढते.

बिल्डरला दोन तारे, दोन्ही त्या रटाळ टेम्प्लेटला. काल त्यांचा मेल आला: 'परत या, निम्म्या दरात.' खाली बारीक अक्षरात: दर ४ आठवड्यांनी.