चिपळूणचं मामांचं दुकान, वस्तू उघडायच्या आधी प्रश्न विचारतात म्हणून पाचपैकी पाच

चिपळूणच्या बाजारपेठेत एका गल्लीत मामांचं रिपेरिंगचं दुकान आहे. पाटी नाही, आणि नाव-नंबर कुठे टाकू नको बाय असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण पंखे-मिक्सरवाले मामा कुठे म्हणून बाजारात विचारलंत की कोणीही नेऊन सोडेल. मी गुहागरहून एसटीने वस्तू घेऊन जाते, सहा-सात वर्षं झाली. लिहायचं बरेच दिवस मनात होतं कारण मला खरंच वाटतं की आपल्या रोजच्या जगण्यातून साधा विचार करायची सवय सुटत चालली आहे आणि ती परत लावणारी माणसं अशी कुठल्यातरी गल्लीत स्टुलावर बसलेली असतात.

पहिला अनुभव गणपतीच्या आदल्या दिवशीचा. घरात पंधरा माणसं, वाटण वाटता वाटता मिक्सर बंद. एकदम मेलेला, आवाज पण नाही. दीर तोपर्यंत मोबाईलवर नवीन मिक्सर बघायला लागले होते. मी मामांना फोन लावला तर त्यांनी आणून दाखव वगैरे काही म्हटलं नाही, विचारलं की किती खोबरं घातलंस? म्हटलं अख्ख्या नारळाचं. पाणी? नाही घातलं. "मग त्याला दम लागलान गो. प्लग काढ, भांडं उतरव, पंधरा मिनिटं थांब, मग उलटा करून खाली लाल बटण आहे ते दाब." दाबलं, झाला चालू. लोड जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून तो स्विच आपोआप उडतो, हे मला चाळीशीत कळलं. मिक्सरबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलंच होतं, मी ते कधी उघडलं नव्हतं. त्या कामाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, बोलूनही दाखवलं नाही.

पण खरी गोष्ट पंपाची. गेल्या मे महिन्यात विहिरीवरचा पंप फिरायचा पण टाकीत पाणी यायचं नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्या दगडातून सगळा निघून जातो, मे मध्ये विहिरी तळाला जातात, त्यामुळे पंप बंद म्हणजे घरात रडारड. एका ठिकाणाहून माणूस बोलावला, त्याने चालू करून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं पंप गेला, नवीन घ्या, साडेनऊ हजार. खोलला पण नाही हो! सासूबाई तर गळ्यातलं मोडायच्या गोष्टी करायला लागल्या होत्या.

मामांकडे गेले तेव्हा मी पंप नेलाच नव्हता, नुसती विचारायला गेले होते. त्यांनी मला बसवलं आणि एकेक प्रश्न. मोटर नुसती घुमते की फिरते? फिरते. पाणी पंपापासून किती खाली गेलंय? वीस-बावीस फूट. वरून पाणी भरल्यावर ते पाइपात टिकतं की उतरतं? हे मात्र मला माहीत नव्हतं, घरी फोन करून मुलाला बघायला लावलं, तो म्हणाला भरतोय तसं खाली जातंय. "मग पंपाला काय झालेलं नाही, फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, लीक आहे. पाइप वर ओढा." संध्याकाळी ओढला तर व्हॉल्व्हच्या झडपेत फणसाचं कुजलेलं पान अडकलेलं, बोटाएवढं, त्याच्या देठाने झडप जराशी उघडी राहिलेली. वॉशर नवीन घातला चाळीस रुपयांचा, पाणी भरलं, पंप लावला आणि टाकीत धार पडली तो आवाज ऐकून सासूबाईंनी देवाला हात जोडले. साडेनऊ हजारांचं काम चाळीस रुपयांत.

नंतर त्यांनी मला हेही समजावलं की असा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो पण वर ढकलते ती हवा, म्हणून दहा मीटरच्या पलीकडून ते येणं शक्यच नाही आणि प्रत्यक्षात पंचवीस फुटांच्या आसपासच दमतं, तेव्हा पाणी आणखी खाली गेलं तर पंपच खाली उतरवायचा. हे शाळेत शिकलो होतो आपण सगळे. विहिरीपाशी उभं राहिल्यावर आठवलं नाही, एवढंच.

आणि तो वीज वाचवायचा डबा! मी घेतला होता बाराशेला, प्लगमध्ये लावा आणि बिल अर्धं अशी जाहिरात होती. तीन महिने बिल तेवढंच, म्हणून खराब असेल समजून मामांकडे नेला. त्यांनी चार स्क्रू काढले आणि डबा माझ्यासमोर ठेवला. आत एक छोटा कपॅसिटर आणि हिरवा दिवा, बस. म्हणाले की घरचा मीटर युनिट मोजतो, हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, हा डबा त्यातलं काहीच कमी करत नाही. मग एक जुना पंखा दाखवला, पंचाहत्तर वॅटचा, आणि शेजारी नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आसपास. "वाचवायचं तर इथे वाचव." मला राग आला पण स्वतःच्या घाईचा नाही, जाहिरात करणाऱ्यांचा, कारण आमच्या वाडीत सात-आठ घरांत तो डबा आहे आणि सगळी कष्टाने पैसे कमावणारी माणसं आहेत.

दुकानात शिकायला एक मुलगा असतो. त्याच्यासमोर लांबडी वही, त्यात दोन रकाने: काय झालं, कधीपासून. गिऱ्हाईक काय बोललं ते लिहिल्याशिवाय त्याला स्क्रूड्रायव्हर मिळत नाही. मी ही वही बघत बसते नेहमी. पंखा हळू फिरतो, दोन महिने. इस्त्री करंट मारते, पाऊस सुरू झाल्यापासून. अर्धं उत्तर तिथेच असतं.

काही कामं ते घेतच नाहीत. घरात अर्थिंग नसेल तर गिझर बसवून देत नाहीत, दुप्पट पैसे दिले तरी नाही. माझ्या नणंदेला परत पाठवलं होतं, ती रुसली, पण मग अर्थिंग करून घेतलंन. आम्हा समुद्राकाठच्या लोकांना एक हमखास सांगतात, खारी हवा लोखंड आतून खाते, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत पंख्याची नुसती पाती पुसू नका, वर रॉडचा नट आणि पिन बघा. मी बघितली, पिन बोटाने मोडली. त्याखाली माझी मुलं झोपायची.

२२ जुलै २०२१ चा पूर दुकानात पण आला होता, भिंतीवर त्यांनी पाण्याची खूण ठेवली आहे. त्यानंतर आलेल्या वस्तूंबद्दल ते हळहळून बोलतात. लोकांनी चिखल पुसून लगेच प्लग लावला आणि वाचली असती ती मोटर जाळली. गोड्या पाण्याने धुवा, उन्हात चांगली सुकवा, टेस्ट करून घ्या, मगच वीज द्या, एवढं कोणी तेव्हा गावोगाव ओरडून सांगितलं असतं तर किती संसार कमी बुडाले असते.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे दुरुस्तीची आणि पार्टची माहिती गिऱ्हाईकाला मिळावी म्हणून, पोर्टल काढलंय, शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या सगळं त्यात आहे. चांगलंच आहे. पण कंपनीने पार्ट दिला तरी तो खरंच बदलायची गरज आहे का हे बघणारा माणूस हवा ना समोर.

तक्रारी आहेत, सांगते. वेळ पाळत नाहीत, माझी इस्त्री थर्मोस्टॅट मिळेना म्हणून तीन आठवडे पडून होती आणि कळवलं पण नाही. एक ते चार बंद. टीव्ही, मोबाईल घेत नाहीत. छापील बिल नाही, चिठ्ठी देतात, ती जपून ठेवा. बसायला एकच स्टूल.

जाणार असाल तर पंखा पात्यांसकट नेऊ नका, नुसती मोटर न्या, एसटीत त्रास होतो. मिक्सर नेताना भांडं पण न्या, भांडं मोटरला जोडणारा कपलर बघायला लागतो. आणि काय झालं, कधीपासून, ते घरूनच आठवून जा, मुलगा वही उघडून बसलेला असेल.