सोळा बाटल्यांचा वाइन रॅक: नाशिकचा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर घेतलेल्या रॅकने आता उन्हाळा पाहिला आहे आणि पावसाळाही संपत आला आहे, त्यामुळे त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. काळ्या पावडर कोटिंगची चौकोनी लोखंडी चौकट, तिच्यात शीशमच्या आडव्या पट्ट्या, चार बाय चार असे सोळा खण, जमिनीवर उभा राहणारा. किंमत साडेसहा हजारांच्या आसपास. वस्तू म्हणून चांगली आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. पण नाशिकमध्ये रॅक कुठला घ्यायचा यापेक्षा तो घरातल्या कुठल्या भिंतीला ठेवायचा हा प्रश्न मोठा आहे. दुकानात तो कुणी विचारत नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आधी गरज का पडली ते. १९९९ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सुला ही वायनरी, म्हणजे वाइनचा कारखाना, उभी राहिली, २००१ मध्ये सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि त्यानंतर दिंडोरी, इगतपुरी, विंचूर अशा सगळ्या दिशांना वायनरी झाल्या. नाशिकमध्ये राहणाऱ्याच्या घरी बाटल्या आपोआप साठतात. पाहुणे आले की त्यांना वायनरी दाखवायला न्यायचं, परत येताना दोन बाटल्या सोबत. आमच्या दिरांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे, त्यातला थोडा भाग वाइनच्या द्राक्षांचा. जानेवारी ते मार्च काढणी, आणि त्या हंगामात घरात वाइनखेरीज दुसरा विषय नसतो. त्या बाटल्या फ्रीजच्या डोक्यावर नाहीतर ओट्याखाली पडून राहणं मला बघवत नव्हतं. ज्या द्राक्षाला वर्षभर छाटणी, फवारणी करून वाढवलं, त्याची वाइन फ्रीजच्या गरम हवेत आणि थरथरीत खराब व्हावी हे वाईट आहे.

आता रॅकबद्दल. पहिलं बघायचं ते खणाचं माप. बाटली ७५० मिलीचीच असली तरी अंगाने सारखी नसते. काबर्ने, शिराज, सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांच्या वाइनच्या सरळ खांद्याच्या बाटल्या साधारण साडेसात सेंटीमीटर रुंद असतात. शार्डनेची उतरत्या खांद्याची बाटली आठच्या पुढे जाते. स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ, वाइनची नऊच्या जवळ, कारण आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट, आणि तो धरायला काच जाड लागते. शाँदोंची वायनरी दिंडोरीलाच आहे आणि सुलाचीही स्पार्कलिंग मिळते, तेव्हा नाशिकच्या घरात अशी बाटली येणारच. बाजारात नक्षीदार लाकडी रॅक खूप सुंदर मिळतात, पण त्यातल्या कित्येकांची भोकं आठ सेंटीमीटरची असतात आणि स्पार्कलिंग त्यात जात नाही. माझ्या रॅकचे खण साडेनऊचे आहेत, सगळं बसतं. दुकानात जाताना मोजपट्टी न्याच, आणि ऑनलाइन घेणार असाल तर खणाचं आतलं माप लिहिलेलं असेल तरच घ्या. रॅकच्या बाहेरच्या मापावरून काही कळत नाही.

दुसरं वजन. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते. सोळा भरल्या की वीस किलोच्या वर जातं, आणि उंच अरुंद रॅकमध्ये फक्त वरच्या ओळी भरल्या तर तो पुढे झुकतो. म्हणून मी खालून वर भरते, आणि वरच्या टोकाला दोन एल-पट्ट्या लावून भिंतीला स्क्रूने धरून ठेवलाय. नव्या इमारतीतल्या लोकांनी इथे लक्ष द्यावं. आतल्या भिंती बहुतेक हलक्या सिमेंट ब्लॉकच्या असतात, साधा प्लास्टिकचा प्लग त्यात काही महिन्यांत सैल होतो. हार्डवेअरच्या दुकानात ‘एएसी ब्लॉकचा प्लग’ असं सांगून मागितला की वेगळा देतात. भिंतीवर टांगायचा रॅक असेल तर हे पाहिल्याशिवाय एकही बाटली ठेवू नका.

बाटली आडवी का ठेवायची? बूच ओलं राहावं म्हणून. उभ्या बाटलीचं बूच महिन्यांनी सुकतं, आकसतं आणि हवा आत जाते. पण इथल्या बऱ्याच वाइनला, विशेषतः शेनिन ब्लाँसारख्या व्हाइटला, आता बूच नसतंच. फिरवून उघडायचं झाकण असतं. तिला आडवं ठेवायची गरज नाही. तुमच्या घरच्या बाटल्या बहुतेक झाकणाच्याच असतील तर रॅकवर पैसे घालवण्याआधी थंड कपाटातला एक कप्पा रिकामा करून बघा, तेवढं पुरतं. आमच्याकडे बुचाच्या रेड बऱ्याच असतात, म्हणून रॅक सार्थकी लागला. लेबल वर राहील अशी बाटली ठेवली की ती सारखी काढून बघावी लागत नाही, आणि जुन्या रेडमधला गाळ एकाच बाजूला बसतो.

आता भिंतीचा प्रश्न.

वाइन साठवायला साधारण बारा-तेरा अंश उत्तम आणि पंधरा-सोळापर्यंत चालतं, हे कुठल्याही वायनरीत सांगतात. त्यांच्या बॅरल रूममध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तरी स्वेटर आठवतो. आपल्या घरात ते कुठून आणणार? तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं डिजिटल यंत्र चार-पाचशे रुपयांत मिळतं. रॅक आणायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते मी घरभर फिरवलं आणि नंतर सगळे ऋतू रॅकवरच ठेवलं. आमचं घर गंगापूर रोडच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये रॅक शोभून दिसेल अशी एक भिंत आहे, पण ती पश्चिमेची. एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकला की ती भिंत दुपारभर तापते आणि ती उष्णता रात्री दहापर्यंत घरात सोडत राहते. संध्याकाळी सात वाजता तिथे पस्तीस अंश दिसले. त्याच वेळी बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, जिथे एकही भिंत बाहेरची नाही, तिथे तीस, आणि जमिनीलगत एकोणतीस. एकाच घरात पाच-सहा अंशांचा फरक! रॅक त्या पॅसेजमध्ये गेला. दिसायला तो तिथे कुणाला दिसत नाही, पण ऊन नाही, उजेड नाही, वॉशिंग मशिनची थरथर नाही, फोडणीचा वास नाही.

हिवाळ्यात हीच जागा सोन्याची ठरली. निफाडचा पारा पाच-सहावर आला की नाशिकही गारठतं, आणि पॅसेजमध्ये डिसेंबर-जानेवारीत एकोणीस-वीस अंश सलग राहिले. वायनरीच्या तळघराएवढं नाही, पण दिवस-रात्रीत फारसा चढउतारही नाही. वाइनला चढउताराचा त्रास जास्त. गरम झाली की ती प्रसरण पावते, बूच बाहेर ढकलते, थंड झाली की हवा आत ओढते. फेब्रुवारी संपेपर्यंत रॅकमधली प्रत्येक बाटली उत्तम निघाली.

मार्चपासून चित्र पालटतं. इथे मी मुद्दाम एक तुलना केली. एकाच वायनरीच्या, एकाच वर्षाच्या शेनिन ब्लाँच्या दोन बाटल्या घेतल्या, एक फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आणि दुसरी रॅकमध्ये ठेवली. मेअखेरीस दोन्ही सारख्या थंड करून शेजारी शेजारी ओतल्या. फ्रीजमधलीला पेरू-अननसाचा ताजा वास होता. रॅकमधलीचा रंग गडद पिवळा झालेला, वास मधासारखा जड, आणि चवीतला आंबटपणाचा टवका गेलेला. पिण्याजोगी होती, पण शेतकऱ्याने आणि वाइनमेकरने जे बाटलीत भरलं होतं ते उरलं नव्हतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नाशिकच्या फ्लॅटमधला उघडा रॅक हा कार्तिक ते फाल्गुनचा रॅक आहे. उन्हाळ्यात त्यात व्हाइट, रोझे आणि स्पार्कलिंग ठेवू नये. दणकट रेड दोन महिने तग धरते, तीही खालच्या दोन ओळींतच.

उन्हाळ्याची सोय दोन प्रकारे होते. थोड्या बाटल्या असतील तर फ्रीजचा खालचा कप्पा. फ्रीज कोरडा असतो आणि चार-पाच अंशांचा, बुचाच्या बाटलीला वर्षानुवर्षं तिथे ठेवणं योग्य नाही, पण तीन-चार महिन्यांनी काही बिघडत नाही. बाटल्या जास्त असतील तर छोटा वाइन कूलर. यात एक गोष्ट नक्की बघा. स्वस्तातले कूलर थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कंप्रेसरशिवाय थंड करणारे, असतात, आवाज आणि थरथर नसते हे त्यांचं मोठं सुख, पण ते खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली जाऊ शकतात. दिरांकडे असा आहे. जानेवारीत तो बाराला स्थिर असतो, मे महिन्याच्या दुपारी अठराच्या खाली उतरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी घ्यायचाच तर कंप्रेसरचा घ्यावा, किंमत जास्त पडली तरी.

जुन्या नाशकात ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांचं मात्र भाग्य आहे. आत्याच्या वाड्यातल्या माजघरात मे महिन्यात यंत्राने सव्वीस-सत्तावीस दाखवले, दगड-विटांच्या जाड भिंतींमुळे. तिथे असाच रॅक वर्षभर बऱ्यापैकी काम करेल. फक्त नदीकडच्या, सराफ बाजारासारख्या भागात जमिनीवर ठेवू नका. पुरात गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की पुढे कुठवर येतं हे तिथल्या माणसांना सांगायला नको.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. शीशमला काही झालं नाही, ना फुगलं, ना कीड लागली. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा, रॅक घेतला असता तर जुलैपर्यंत त्याच्या कडा फुगल्या असत्या. लोखंडाच्या बाबतीत मात्र बनवणाऱ्याने कसूर केली आहे. मागच्या बाजूला वेल्डिंगच्या दोन सांध्यांवर कोटिंग पातळ होतं, ऑगस्टमध्ये तिथे गंजाचे डाग आले. पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइड लावून वर काळा रंग दिला, थांबलं. तुम्ही घेताना रॅक उलटा करून सांधे बघा. आर्द्रता ऐंशीच्या पुढे गेल्यावर लेबलांवर बुरशीचे ठिपके दिसले. वाइनला त्याने अपाय नाही, कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की जातात. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवण्याची आपली सवय इथे टाळा, बुचाजवळ महिनोन्महिने उग्र वास नको. त्याच कारणाने नवीन रॅक पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत आधी बाल्कनीत ठेवावा.

जागेचा आणखी एक विचार आहे, तो घराचा. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला आलेले नातेवाईक आमच्याकडे उतरतात, सासूबाईंची पूजा असते. देवघरासमोर किंवा हॉलच्या दर्शनी भागात बाटल्या त्यांना रुचल्या नसत्या आणि मलाही ते बरं वाटलं नसतं. पॅसेजमध्ये ठेवल्याने तो विषयच निघाला नाही. लहान मुलं असतील तर जाळीच्या दाराचा आणि कुलपाचा रॅक बघावा, हवा खेळती राहते.

तयार रॅक पॅसेजच्या मापात बसत नसेल तर सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येतो. दिरांसाठी तसाच आठ खणांचा सांगितला आहे. खण साडेनऊ सेंटीमीटर, खोली तीस, खालची ओळ जमिनीपासून वीतभर वर, आणि पावडर कोटिंग वेल्डिंग घासून झाल्यावरच. गणपतीनंतर मिळणार आहे, म्हणजे थंडी पडायच्या आत बाटल्या कूलरमधून त्यात हलवता येतील.