नव्या संगणकाला डिस्क दिसेना: व्हीएमडी बंद करावे की ड्रायव्हर लोड करावा?

सुटे भाग जोडून घरी तयार केलेल्या संगणकावर विंडोज ११ बसवायला घ्यावे, पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू व्हावा, आणि जिथे डिस्कची यादी दिसायला हवी तिथे एकही डिस्क नसावी, हा अनुभव इंटेलच्या ११व्या किंवा त्यापुढच्या पिढीचे प्रोसेसर घेणाऱ्यांना वारंवार येतो. सेटअप स्टोरेज ड्रायव्हर मागतो आणि तिथेच अडून बसतो. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून आणलेली कोरी एसएसडी सदोष निघाली असा समज करून ती परत करायला धावण्याचे कारण नसते, कारण अशा वेळी बहुधा डिस्क धडधाकट असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी सेटअपला ठाऊक नसते. इथून पुढे दोन मार्ग आहेत. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी, म्हणजे डिस्क इंटेलच्या नियंत्रकामागे घेणारी सोय, बंद करणे हा पहिला, आणि ती चालू ठेवून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर सेटअपला हाताने देणे हा दुसरा. विंडोज दोन्ही मार्गांनी बसते. फरक जाणवतो तो पुढच्या वापरात, दुरुस्तीच्या वेळी आणि बायोसच्या अपडेटनंतर. म्हणून ही निवड विंडोज बसवण्याआधीच विचारपूर्वक केलेली बरी.

आधी दोष कुठे आहे ते ठरवावे

ड्रायव्हरचा विचार करण्यापूर्वी बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते का, हे पाहणे अनिवार्य आहे. बायोसला विंडोजच्या ड्रायव्हरशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे तिथेच डिस्क दिसत नसेल, तर जगातला कोणताही ड्रायव्हर लोड करून उपयोग होणार नाही. मात्र हे पाहताना एक खबरदारी घ्यावी लागते. व्हीएमडी चालू असेल, तर काही बोर्डांवर एनव्हीएमई डिस्क (पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडणीवरची एसएसडी) नेहमीच्या यादीत न दिसता इंटेल रॅपिड स्टोरेजच्या स्वतंत्र पानावर दिसते. दोन्ही ठिकाणी पाहिल्याखेरीज डिस्क नाही असा निष्कर्ष काढू नये.

दोन्हीकडे ती नसेल, तर कारण जोडणीत शोधावे. एम.२ या पट्टीसारख्या लहान आकाराच्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई नसतात. काही साटा या जुन्या जोडणीच्या असतात, आणि फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये त्या नीट बसल्या तरी ओळखल्या जात नाहीत. अनेक मदरबोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट यांची वाट सामाईक असते, त्यामुळे स्लॉट भरला की ते पोर्ट बंद पडतात आणि कालपर्यंत चालणारी जुनी हार्ड डिस्क अचानक नाहीशी होते. कोणत्या स्लॉटमुळे कोणता पोर्ट बंद होतो, हे बोर्डाच्या पुस्तिकेतील तक्त्यात दिलेले असते, आणि तो तक्ता वाचायला लागणारी पाच मिनिटे एरवी वाया जाणारी संध्याकाळ वाचवतात. बाह्य हार्ड डिस्कचे कवच उघडून आतली डिस्क बसवली असेल, तर आणखी एक शक्यता उरते. साटा ३.३ या मानकाने वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनला डिस्क बंद ठेवण्याचे काम दिले. जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देत राहतो आणि अशी डिस्क फिरायलाच लागत नाही.

डिस्क दिसते पण मधूनच गायब होते, अशी तक्रार असेल तर तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहावा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात तो मराठी वाचकालाही सहज उलगडतो. १९९ क्रमांकाची सीआरसी त्रुटींची (माहिती वाटेत बिघडल्याच्या नोंदींची) संख्या वाढत असेल तर संशय साटा केबलवर घ्यावा. ५ आणि १९७ या क्रमांकांवरचे आकडे वाढत असतील, म्हणजे बदललेले किंवा बदलाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर वाढत असतील, तर आधी माहितीची प्रत काढावी आणि नंतर डिस्क बदलून घ्यावी. दुसरी नवी डिस्क विंडोजच्या 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही, ही तक्रार तर बिघाडाचीच नव्हे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती इनिशिअलाइझ आणि फॉरमॅट करायची राहिलेली असते.

बायोसला डिस्क दिसते आणि सेटअपला दिसत नाही, अशी स्थिती असेल तरच पुढची तुलना कामाची.

व्हीएमडी काय करते

एनव्हीएमई डिस्क एरवी पीसीआय एक्सप्रेसवर थेट दिसते, आणि तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ पासून आतच दिलेला आहे. व्हीएमडी, म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस, ही डिस्क आपल्या नियंत्रकामागे घेते. परिणामी विंडोजला समोर डिस्कऐवजी इंटेलचा एक नियंत्रक दिसतो, आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपच्या पेनड्राइव्हवर नसेल, तर त्यामागे काय आहे हे सेटअपला कळण्याचा मार्ग राहत नाही. एकापेक्षा अधिक डिस्क रेड पद्धतीने एकत्र बांधण्यासाठी ही रचना उपयुक्त आहे. एकच डिस्क असलेल्या घरगुती संगणकाला तिच्यापासून जाणवण्याजोगा वेग मिळत नाही.

पहिला मार्ग: व्हीएमडी बंद करणे

हा मार्ग सोपा आहे. बायोसमध्ये व्हीएमडीचे पान शोधावे (आसुसच्या बोर्डांवर ते 'ॲडव्हान्स्ड' विभागातील 'सिस्टम एजंट कॉन्फिगरेशन'खाली असते), नियंत्रक बंद करावा, बदल जतन करून सेटअप पुन्हा सुरू करावा. डिस्क यादीत येते. इतर कोणतीही फाइल डाउनलोड करावी लागत नाही, आणि घरात दुसरा चालू संगणक नसलेल्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

त्याहून मोठा लाभ पुढे मिळतो. उद्या विंडोज सुरू होईनासे झाले आणि माहिती वाचवण्यासाठी दुसऱ्या बूट पेनड्राइव्हचा आधार घ्यावा लागला, तर त्या पेनड्राइव्हलाही डिस्क विनासायास दिसते. क्लोनिंगची साधने आणि एसएसडी कंपन्यांची फर्मवेअर अपडेटची साधने यांची गाठही थेट डिस्कशी पडते. नियंत्रकामागच्या डिस्कवर त्यांपैकी काहींचे हात बांधले जातात. त्याच संगणकावर लिनक्स बसवण्याचा विचार असेल, तरी हाच मार्ग अधिक निर्धोक आहे.

या मार्गाचा एक तोटा मात्र आधीच सांगायला हवा. ज्या बोर्डावर व्हीएमडी मुळातच चालू असते, तिथे बायोस अपडेट केल्यावर, सेटिंग मूळ स्थितीला नेल्यावर किंवा बोर्डावरची बॅटरी संपल्यावर ते पुन्हा चालू होते, आणि विंडोज 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा दाखवून थांबते. माहिती सुरक्षित असते. बायोसमध्ये जाऊन ती सेटिंग पुन्हा बंद केली की संगणक पूर्ववत चालतो. तरीही कारण ठाऊक नसलेला माणूस इथे घाबरून नव्याने फॉरमॅट करतो आणि खरे नुकसान तेव्हा होते. म्हणून आपण केलेल्या बदलाची चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरा मार्ग: ड्रायव्हर लोड करणे

इथे आपल्या मदरबोर्डाच्या नेमक्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. बोर्डाचे पान सोडून इतरत्र शोधू नये, कारण या ड्रायव्हरच्या आवृत्त्या प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे बदलतात आणि चुकीची आवृत्ती दिली तर यादी रिकामीच राहते. तथाकथित ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरपासून तर दूरच राहावे.

बहुतेकांची अडचण याच्या पुढच्या पायरीवर होते. सेटअपला झिप किंवा इन्स्टॉलरची एक्सई फाइल वाचता येत नाही. त्याला आयएनएफ फाइल असलेले उघडे फोल्डर लागते. त्यामुळे झिप आधी दुसऱ्या संगणकावर उघडून ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे, मग सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' निवडून ते दाखवावे. बोर्डाच्या पानावर फक्त इन्स्टॉलर दिलेला असेल, तर त्यातून ड्रायव्हर वेगळे काढण्याची आज्ञा इंटेलने त्यात ठेवली आहे. या प्रकारच्या ड्रायव्हरला आजही एफ६ म्हणतात, कारण विंडोज एक्सपीच्या काळात सेटअप सुरू होताना एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे.

हा मार्ग कष्टाचा आहे, पण काही जणांसाठी तोच योग्य ठरतो. दोन एनव्हीएमई डिस्कांची रेड करून त्यावरूनच विंडोज चालवायचे असेल, तर व्हीएमडी लागतेच. फक्त कागदपत्रे आणि छायाचित्रे दोन डिस्कांवर जपायची असतील, तर मात्र विंडोजमधील स्टोरेज स्पेसेस पुरते आणि व्हीएमडीची गरज राहत नाही. दोन्ही डिस्कांवर एकच माहिती ठेवणाऱ्या रेड १ मुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. बॅकअपची जागा ती घेऊ शकत नाही.

निवड कोणी कोणती करावी

एक एसएसडी आणि फार तर साठवणीसाठी एक हार्ड डिस्क, असा संगणक जोडणाऱ्याने व्हीएमडी बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जी सोय आपण वापरणार नाही, तिच्यासाठी प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी ड्रायव्हर शोधत बसणे योग्य नव्हे. रेड खरोखर हवी असणाऱ्याने दुसरा मार्ग घ्यावा आणि ड्रायव्हरचे ते फोल्डर पेनड्राइव्हवर कायम जपून ठेवावे. ज्याच्याकडे विंडोज आधीच व्हीएमडीसह बसलेले आहे आणि सुरळीत चालते आहे, त्याने केवळ हा लेख वाचून काही बदलू नये.

एएमडीच्या बोर्डांवर हा प्रश्न क्वचितच उद्भवतो, कारण तिथे रेड सहसा मुळातच बंद असते. ती स्वतःहून चालू केली, तर मात्र आरसीबॉटम, आरसीरेड आणि आरसीसीएफजी असे तीन ड्रायव्हर याच क्रमाने द्यावे लागतात.

नंतर मार्ग बदलायचा असल्यास

विंडोज बसल्यावर बायोसमधील ही सेटिंग नुसती उलटली, तर वर सांगितलेला निळा पडदा येतो. रेड नसलेल्या एकाच डिस्कच्या बाबतीत सेफ मोडच्या (मोजकेच ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू करण्याच्या) वाटेने हा बदल करता येतो. आधी बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे कुलूपबंद करण्याची सोय) तात्पुरता थांबवावा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने केलेल्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, त्यामुळे आपल्याकडे बिटलॉकर नाही असे गृहीत धरू नये. खात्याचा पासवर्डही हाताशी असावा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही. मग एमएसकॉन्फिगच्या 'बूट' पानावर 'सेफ बूट' आणि 'मिनिमल' निवडून संगणक रीस्टार्ट करावा, विंडोज सुरू होण्याआधीच बायोसमध्ये शिरून व्हीएमडीची सेटिंग बदलावी, आणि सेफ मोड व्यवस्थित उघडल्यावर ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे. सेफ मोडही उघडला नाही, तर सेटिंग जशी होती तशी परत करावी म्हणजे जुने विंडोज पुन्हा सुरू होते.