सोलापूर ते कळसूबाई: मित्राच्या स्मरणार्थ निघणारी मदतचाल

गेलेल्या मित्राच्या नावाने सोलापुरातलं एक मित्रमंडळ कळसूबाईची ही चढाई काढतं. जमलेली देणगी गरजू रुग्णांच्या औषधांना जाते. आमचं मत आधीच सांगतो: माणसं सांभाळून नेण्यात मंडळ पक्कं आहे, वेळापत्रकात कच्चं. आणि या डोंगरावर वेळ चुकली की पुढचं सगळंच अवघड होतं.

बस रात्री दहाला निघते. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर करत पायथ्याचं बारी गाव गाठायला चारशेच्या आसपास किलोमीटर पडतात. चहाचे थांबे धरून नऊ-दहा तास. पोहे, चहा, सूचना उरकून पहिलं पाऊल पडेपर्यंत सकाळचे नऊ वाजतात. तोवर मुंबई, पुणे, नाशिकची मंडळी वाटेवरच्या लोखंडी शिड्यांखाली रांगेत उभी असतात आणि आपला गट उघड्या कातळावर उन्हात ताटकळतो. हीच बस संध्याकाळी सात वाजता हलवली, तर उजाडता उजाडता चढाई सुरू होईल आणि उन्हं तापायच्या आत माथा गाठता येईल. रविवार टाळला तर आणखी बरं. नवरात्रात माथ्यावरच्या कळसूबाई देवीच्या दर्शनाला रीघ लागते, ते दिवस नकोतच. ऑक्टोबर सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात, आणि विजा चमकत असताना लोखंडी शिडीवर कुणीही असू नये.

माथा १,६४६ मीटरवर आहे, बारीपासून चढ साधारण साडेआठशे मीटरचा. एक मजला तीन मीटरचा धरला तर सुमारे २८० मजले झाले. सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट आधी नीट कळायला हवी, कारण आपलं गाव सपाट. सिद्धेश्वर तलावाकाठी फेऱ्या मारून दम वाढतो, पण मांड्यांना चढाची सवय होत नाही. मंडळाच्या पत्रकात नुसतं ‘रोज चाला’ लिहिलंय, ते अपुरं आहे. चार मजली इमारतीचा जिना गाठा. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला दहा खेपा, हळूहळू पंचवीस. शेवटचे दोन आठवडे पाठीवर चार किलोची सॅक घेऊन. खाली येताना लिफ्ट घेऊ नका. गुडघे बोलायला लागतात ते उतरताना, आणि तीच तयारी लोक करत नाहीत.

बूट नवेकोरे नकोत, निदान तीस-चाळीस किलोमीटर वापरलेले हवेत. उतरण्याआधी घोट्यापाशी नाडी घट्ट बांधा. नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याची नखं काळी पडतात.

खाण्यात मंडळाला पैकीच्या पैकी गुण. प्रत्येकी दोन कडक भाकऱ्या, शेंगा चटणी, गूळ-शेंगदाणे: दिवसभर खराब न होणारं, सॅकमध्ये न सांडणारं. पण भाकरी कोरडी, चटणी तिखट-खारट, त्यामुळे तहान जास्त लागते. मंडळ माणशी दोन लिटर पाणी धरतं. तीन लिटर हवं, आणि त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचं एक पाकीट. आठवण म्हणून मिळणारी सोलापुरी चादर बसमध्ये पांघरायला फार छान. वर मात्र नेऊ नका, भिजली की सुती चादर दगडासारखी जड होते. माथ्यावरच्या वाऱ्याला हलकं विंडचीटर पुरतं.

आता या चालीची खरी जमेची बाजू. ज्याच्या आठवणीत ही चाल निघते, तो मित्र मागे पडलेल्याबरोबर चालायचा, असं त्याची माणसं सांगतात. मंडळाने तोच नियम केला आहे. पुढे बारी गावचा वाटाड्या, सगळ्यात शेवटी दोन अनुभवी माणसं, आणि दर दहा जणांमागे एक जबाबदार. प्रत्येक शिडीच्या आधी मोजणी होते. चक्कर, मळमळ, छातीत दडपण, यातलं काहीही जाणवलं तर त्या माणसाला शिडीच्या खालीच थांबवतात, सोबत एक जण थांबतो आणि शिखराचा आग्रह कुणी धरत नाही. हे अगदी योग्य आहे. शिडीच्या वर कुणी आजारी पडलं तर त्याला उचलून खाली आणणं अतिशय कठीण असतं. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी रात्रभरच्या जागरणाचाही विचार करून डॉक्टरांना आधी विचारावं.

श्रद्धांजली माथ्यावर होत नाही. तिथे जागा चिंचोळी आणि देऊळ भाविकांचं. शेवटच्या शिडीखाली विहिरीजवळ मोकळी जागा आहे, तिथे सगळे आले की मित्राचं नाव घेऊन दोन मिनिटं शांत उभं राहायचं. फ्लेक्स नाही, स्पीकर नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले हार नाहीत. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचं पाणी दिसत असतं. फार मनापासून जपलेली गोष्ट आहे ही, ती अशीच राहू द्यावी.

पैशांचं: प्रवासखर्च आणि देणगी वेगळी घेतात, पावत्याही वेगळ्या देतात. देणगी यूपीआयने किंवा चेकने द्या, कारण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरात वजावट मिळत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळातच नाही. पावतीवर नाव आणि पॅन बरोबर आहे ना, हे बसमध्ये चढण्याआधीच पाहून घ्या. नंतर दुरुस्तीला फार वेळ जातो.