पेलेट ग्रिलचं तापमान खोटं बोलतंय: सेन्सर पुसायचा, बदलायचा की कंट्रोलरच नवा घ्यायचा?

पेलेट ग्रिलच्या (म्हणजे भुशाच्या दाबलेल्या गोळ्या, पेलेट, जाळून चालणाऱ्या ग्रिलच्या) पडद्यावर ११० अंश सेल्सिअस दिसतंय आणि जाळीवर ठेवलेला वेगळा थर्मामीटर १४५ सांगतोय. किंवा उलट: पडदा २०० दाखवतोय आणि आतली आग केव्हाच विझलीय. अशा वेळी माणूस पहिल्यांदा सुटे भाग शोधायला लागतो. मीही तेच केलं होतं. आधी कंट्रोलर, म्हणजे तापमान बघून पेलेट ढकलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलला, कारण चुकीचा आकडा त्याच्या पडद्यावर दिसत होता. नव्या पडद्यावरही तोच चुकीचा आकडा दिमाखात उभा राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष होता सेन्सरच्या वायरीच्या गंजलेल्या जोडात.

तुमच्यापुढे मार्ग चार: साफसफाई, नवा सेन्सर, नवा कंट्रोलर, किंवा काहीच न करता वेगळ्या थर्मामीटरवर भागवणं. यातला कोणता निवडायचा हे पडदा कोणत्या दिशेने खोटं बोलतोय यावरून बरंचसं ठरतं.

पण आधी तो खोटं बोलतोय का, हे बघा. सेन्सरची कांडी बहुतेक ग्रिलमध्ये बाजूच्या भिंतीला असते, थर्मामीटर जाळीच्या मधोमध. एवढ्या अंतरात १०-१५ अंशांचा फरक असला तर तो दोष नाही. झाकण उघडल्यावर तापमान कोसळतं, मग कंट्रोलर जास्त पेलेट ढकलतो आणि आकडा ठरवल्यापेक्षा वर जातो, हेही नेहमीचंच. म्हणून झाकण बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या, थर्मामीटर कांडीच्या अगदी शेजारी टांगा आणि मग दोन्ही आकडे बघा. इथेही मोठं अंतर पडलं तरच पुढचं वाचा.

सेन्सर आतून कसा असतो

पुष्कळ पेलेट ग्रिलमध्ये आरटीडी नावाचा प्लॅटिनमचा सेन्सर असतो. तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो आणि कंट्रोलर त्या रोधावरून तापमान काढतो. दोन जाती नेहमी दिसतात. पीटी १०० चा रोध ० अंशाला १०० ओहम, २५ ला साधारण ११०, १०० ला १३८.५. पीटी १००० चे आकडे याच्या नेमके दहापट.

या दहापटीतच निम्मं कोडं सुटतं. पीटी १०० मध्ये एका अंशामागे रोध फक्त ०.३८५ ओहमने वाढतो. जोडावर गंज चढून ५ ओहमची भर पडली की पडदा साधारण १३ अंश जास्त दाखवतो. तोच गंज पीटी १००० च्या जोडावर असेल तर चूक जेमतेम सव्वा अंशाची. म्हणजे पीटी १०० असेल तर आधी जोडावर संशय घ्या. पीटी १००० असेल आणि आकडा ३० अंशांनी चुकत असेल, तर नुसता जोड घासून काम होण्याची आशा कमी. जोड पारच सैल असेल तर गोष्ट वेगळी, पण मग आकडा स्थिर राहत नाही, उड्या मारतो.

जास्त दाखवणं आणि कमी दाखवणं

गंज, सैल पिन, तुटत आलेली वायर, या सगळ्यांनी रोध वाढतो. मग कंट्रोलरला वाटतं आत खूप गरम आहे. तो पेलेट कमी करतो, आग मंदावते, कधी विझतेच. विझलेल्या आगीवर पेलेट साचत राहतात. अशा वेळी फायरपॉट (पेलेट जिथे जळतात ते भांडं) रिकामा केल्याशिवाय ग्रिल पुन्हा पेटवू नका. साचलेला ढीग एकदम पेट घेतो आणि धुराचा भपका झाकणच उचलतो.

कमी दाखवणं याहून वाईट. पत्र्याच्या धारेवर घासून वायरीचं आवरण गेलं किंवा कांडीत ओल शिरली, की विजेला आडवाट मिळते आणि रोध घटतो. कंट्रोलरला वाटतं आत गार आहे, म्हणून तो पेलेट ढकलतच राहतो. खाली तेलकट थर साचलेला असेल तर तो पेटायला वेळ लागत नाही. असं होत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ग्रिल पेटवायचंच नाही. थर्मामीटर ठेवून नजर ठेवीन म्हणणाऱ्यांनी चौथा मार्ग इथेच विसरावा.

पूर्ण तुटलेला किंवा पूर्ण शॉर्ट झालेला सेन्सर मात्र सोपा. बहुतेक कंट्रोलर तेव्हा एरर दाखवतात. कोडचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, तो आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतच बघा.

मल्टिमीटरची दहा मिनिटं

ग्रिलचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कंट्रोलरच्या पाठीमागे घरगुती दाबाची वीज असते. सेन्सरच्या दोन वायरी कंट्रोलरपासून सोडवा आणि त्यांच्यामधला रोध मोजा. गार ग्रिलवर ११० च्या आसपास आला तर पीटी १००, ११०० च्या आसपास आला तर पीटी १०००. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अर्धा-पाव ओहम पीटी १०० मध्ये वजा करायला विसरू नका.

आता वायर हलवत, वाकवत मोजा, विशेषतः जिथे ती कांडीत शिरते तिथे. आकडा नाचला तर दोष सापडला. मग एक लीड वायरीला आणि एक कांडीच्या स्टीलला लावा. इथे मीटरने विजेचा काहीच जोड दाखवायला नको. दाखवला तर आतलं आवरण गेलंय, तो सेन्सर पुसून सुधारणार नाही.

शेवटी कांडीचं फक्त स्टीलचं टोक बर्फाचा चुरा आणि पाणी यांत बुडवा. १०० किंवा १००० ओहम यायला हवेत. नंतर उकळत्या पाण्यात: १३८.५ किंवा १३८५. समुद्रसपाटीपासून उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, तेवढा आकडा कमी धरा.

साफसफाई विरुद्ध नवा सेन्सर

दोन्ही पाण्यांत आकडे बरोबर आले तर सेन्सर धडधाकट आहे. मग कांडीवरची काजळी आणि चिकट थर बघा. हा थर आकडा फारसा चुकवत नाही, आकडा उशिरा पोचवतो. कंट्रोलरला बातमी शिळी मिळते आणि तापमान वर-खाली झोके घेत राहतं. झोके हेच दुखणं असेल तर साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. थर घट्ट असेल तर आधी ओलं फडकं गुंडाळून ठेवा. तारेच्या ब्रशने खसाखसा घासणारे लोक मी पाहिलेत. कांडी चकचकीत होते आणि वायर मुळापासून हलते. जोडाच्या पिना मात्र इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घट्ट बसवा.

पाण्याच्या चाचणीत आकडा चुकला किंवा वायर हलवताना नाचला, तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा सेन्सर घ्या. मूळ कंपनीचा की दुसऱ्याचा? माझं मत: जात जुळली, कांडीची लांबी-जाडी जुळली, जोडाची पिन जुळली आणि वायरीचं आवरण उष्णता सोसणारं असलं, तर दुसऱ्याचा चालतो. पीटी १००० च्या कंट्रोलरला पीटी १०० लावला तर त्याला तो शॉर्टच वाटेल, तेव्हा जातीत तडजोड नाही. काही विक्रेते 'ए वर्ग' म्हणून जास्त पैसे मागतात. आयईसी ६०७५१ या मानकात १०० अंशाला बी वर्गाला ०.८ अंश चुकण्याची सवलत आहे, ए वर्गाला ०.३५. ज्या पेटीत जाळीच्या दोन टोकांतच १५ अंशांचा फरक असतो तिथे या अर्ध्या अंशाला काही अर्थ नाही. बी वर्ग घ्या.

मूळ भागाची बाजू एकाच ठिकाणी भारी पडते: वॉरंटी चालू असेल तर.

कंट्रोलर केव्हा?

सेन्सर निर्दोष ठरल्यावरच. आणि तेव्हाही नवा विकत घेण्याआधी एक युक्ती करून बघा. सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टर जोडा: पीटी १००० साठी १.२ किलोओहम, पीटी १०० साठी १२० ओहम. ग्रिल न पेटवता नुसता पडदा बघता आला पाहिजे. फायरपॉट रिकामा ठेवा आणि आकडा वाचून झाला की लगेच बंद करा. ५१-५२ अंश दिसायला हवेत. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचा घ्या आणि जोडण्याआधी तोही मीटरवर मोजा, कारण पाच टक्केवाला पंधरा-सोळा अंशांची चूक स्वतःच करून ठेवतो. आकडा बरोबर आला तर कंट्रोलर निर्दोष, पैसे वाचले. भलताच आला तर कंट्रोलर बदला, इथे दुसरा इलाज नाही.

काही कंट्रोलरमध्ये आकडा खाली-वर सरकवण्याची सोय असते. ती मोहात पाडते. गंजलेला जोड सगळ्या तापमानांना जवळजवळ सारखीच चूक करतो, म्हणून दहा-बारा अंश वजा केले की सगळं ठीक वाटतं. पण गंज वाढतच जातो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. जोड साफ करूनही थोडी स्थिर चूक उरली तरच ही सोय वापरा.

थर्मोकपल असेल तर

काही नव्या मॉडेलांत आरटीडीऐवजी के प्रकारचा थर्मोकपल असतो. मीटरवर जेमतेम काही ओहम दिसले तर शॉर्ट समजून फेकू नका, आधी पुस्तिकेत जात बघा. तो रोध बदलत नाही, अगदी बारीक व्होल्टेज तयार करतो, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. त्याला अधिक-उणे असतं. वायरी उलट लागल्या तर ग्रिल तापताना आकडा उतरत जातो. तुटलेल्या जागी साधी तांब्याची वायर जोडायची सवय आरटीडीला निभते, इथे नाही. इथे त्याच प्रकारची वायर लागते, आणि ती शोधत बसण्यापेक्षा अख्खा थर्मोकपल बदलणं सोपं.

नवा सेन्सर कोणताही असो, वायर पूर्वीच्याच वाटेने न्या आणि फायरपॉटजवळून किंवा पत्र्याच्या धारेवरून जात नाही ना ते बघा. जुन्या वायरीवर घासल्याची खूण जिथे दिसते, तिथे नव्या वायरीला उष्णता सोसणारी नळी चढवून मगच झाकण लावा.