पंधरा महिन्यांत नर्सिंगची पदवी : न्यू जर्सीतील एका अभ्यासक्रमाचा अभिप्राय

न्यू जर्सीतील एका खाजगी विद्यापीठाचा पंधरा महिन्यांचा अ‍ॅक्सिलरेटेड बी.एस.एन. (नर्सिंगची पदवी) अभ्यासक्रम मी पूर्ण केला, एनक्लेक्स ही परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि आता एका रुग्णालयात मेडिकल-सर्जिकल विभागात रात्रपाळी करते. तेव्हापासून एडिसन, पिस्कॅटवे आणि प्रिन्स्टन परिसरातील दहा-बारा मराठी मैत्रिणींनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "प्रवेश घेऊ का?" त्यांपैकी तिघींनाच मी "लगेच घे" असे सांगितले. अभ्यासक्रम वाईट आहे म्हणून बाकीच्यांना थांबवले असे मुळीच नाही. माझ्या दृष्टीने तो अतिशय कसदार आहे. पण माहितीपत्रकावर ठळक छापलेला पंधरा महिन्यांचा आकडा पाहून जो हिशेब आपण मनात मांडतो, त्या हिशेबातून बरेच काही सुटते, आणि जे सुटते ते नेमके मधल्या परीक्षांच्या काळात अंगावर येते.

ज्यांच्याकडे दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी आधीच आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग आखलेला आहे. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात केली आणि आज असे अभ्यासक्रम साधारण अकरा ते अठरा महिन्यांत पूर्ण होतात. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते आणि दोन वर्षांचे पोस्ट बेसिक जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका झालेल्यांसाठीच असते, वाणिज्य किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या व्यक्तीला तिशीनंतर नर्सिंगकडे वळायचे असेल तर पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. येथे तसे नाही. मिळणारी पदवी चार वर्षांच्या विद्यार्थ्यांना मिळते तीच, परीक्षाही तीच आणि परवानाही तोच.

मात्र पहिला वर्ग भरण्याआधीच माझे सव्वा वर्ष गेले होते. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग प्रयोगशाळेसह, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र आणि आहारशास्त्र हे विषय प्रवेशापूर्वी पूर्ण असावे लागतात, आणि विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने असले तर ते धरत नाहीत. माझी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रातली आणि नाशिकजवळच्या औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीची चार वर्षे नोकरी. तरीही ती पदवी जुनी म्हणून कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयात, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून मी ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखण्याचा प्राथमिक प्रयोग, पुन्हा केले. त्या वेळी मनाला लागले होते. आज वाटते की त्या सत्रामुळे अभ्यासाची मोडलेली सवय परत लागली, आणि ती लागली नसती तर पुढे माझा टिकाव लागला नसता.

ज्यांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. तीन वर्षांची आहे, त्यांनी एक गोष्ट सर्वांत आधी विचारावी : कोणत्या संस्थेकडून केलेले पदवीचे मूल्यांकन विद्यापीठ मानते, आणि त्यात तीन वर्षांची पदवी अमेरिकेतील पदवीच्या बरोबरीची ठरते का. याचे उत्तर सगळीकडे एकसारखे मिळत नाही. तसेच रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वी क्षयरोगाची चाचणी द्यावी लागते. लहानपणी दंडावर बी.सी.जी.ची लस टोचलेल्या आपल्यासारख्यांची त्वचेवरची चाचणी विनाकारण सकारात्मक येऊ शकते, आणि मग छातीचे एक्स-रे, डॉक्टरांची पत्रे असे सगळे मागे लागते. रक्ताच्या चाचणीवर त्या लसीचा परिणाम होत नाही. म्हणून सुरुवातीलाच रक्ताच्या चाचणीची मागणी करावी.

अध्यापनाबद्दल मला मनापासून चांगले सांगायचे आहे. आमच्या प्राध्यापिका वीस-पंचवीस वर्षे वॉर्डात काम केलेल्या होत्या आणि पुस्तकातले वाक्य त्या कधीच पुस्तकापुरते ठेवत नसत. फुप्फुसात पाणी साठू लागले की स्टेथोस्कोपमधून बारीक चरचर ऐकू येते. ती कशी असते हे सांगताना त्यांनी आम्हाला कानाजवळची केसांची बट दोन बोटांत धरून चोळायला लावली. चार महिन्यांनी एका वृद्ध गृहस्थांच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा अगदी तोच आवाज आला, आणि मी माझ्या मार्गदर्शिकेला बोलावून आणले. तो क्षण मी विसरणार नाही.

औषधमात्रेच्या गणिताची परीक्षा हा या अभ्यासक्रमाचा खरा उंबरठा आहे. आमच्याकडे तिच्यात ९० टक्के गुण आवश्यक होते आणि संधी दोनच. उदाहरण असे असते : रुग्णाचे वजन ७० किलो, हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध ताशी दर किलोला १८ युनिट द्यायचे आहे, २५० मिलिलिटरच्या पिशवीत २५,००० युनिट आहेत, तर पंप ताशी किती मिलिलिटरवर लावाल? एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, ताशी हवे १,२६० युनिट, म्हणून उत्तर १२.६. गणित आपल्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या पातळीचे आहे. मी ते सोडवले आणि सवयीने १२.६० असे लिहिले. पूर्ण गुण गेले. दशांशानंतर शेवटी शून्य लिहायचे नाही, कारण घाईत टिंब दिसले नाही तर वाचणारा १,२६० वाचतो. आणि अर्धा लिहिताना टिंबाआधीचे शून्य गाळायचे नाही, कारण तेथे टिंब सुटले तर ०.५ चे पाच होतात. त्या दिवशी मला राग आला होता. आता रात्रपाळीत अडीच वाजता पंपावर आकडा भरताना त्या गेलेल्या गुणांबद्दल कृतज्ञता वाटते.

परीक्षांची पद्धतही आपल्या वळणाची नाही. चार रुग्ण दिलेले असतात : एकाला शस्त्रक्रियेनंतर वेदना आहेत, एकाची साखर २१० आहे, एक घरी जाण्याच्या कागदांची वाट पाहत आहे, आणि एक जण सकाळी नीट बोलत होता पण आता अचानक गोंधळल्यासारखा वागतो आहे, आधी कोणाकडे जाल? चौघांकडेही जायचेच असते, पण अचानक बदललेल्या माणसाकडे आधी. विषय पाठ असणे येथे पुरेसे पडत नाही, आणि पाठांतराच्या बळावर विद्यापीठात पहिली आलेली माझ्यासारखी विद्यार्थिनी पहिल्या चाचणीत ७१ गुणांवर थांबते, जेव्हा उत्तीर्ण होण्यासाठी ७७ लागतात. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचे रूपही असेच झाले आहे : एका रुग्णाची हकिकत उलगडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर निर्णय विचारला जातो. पाच तासांच्या मर्यादेत कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, आणि पुढचा प्रश्न किती कठीण असावा हे आधीच्या उत्तरांवरून संगणक ठरवतो.

माझी मोठी तक्रार क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाच्या, नियोजनाबद्दल आहे. प्रवेशाच्या वेळी "जवळच्या रुग्णालयांत" असे सांगितले गेले. प्रत्यक्षात बालरोग विभागाची जागा सत्र सुरू होण्याच्या नऊ दिवस आधी रद्द झाली आणि आमच्या गटाला पासष्ट मैलांवरच्या रुग्णालयात पाठवण्यात आले. सकाळी पावणेसातला वॉर्डात हजर राहायचे म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचे, आणि बारा तासांनंतर परतीचा प्रवास. प्रसूती विभागाचे काही दिवस तर सिम्युलेशन लॅबमध्येच, म्हणजे रुग्णाऐवजी पुतळ्यांवर सराव करून, भरून काढण्यात आले. सिम्युलेशनला माझा विरोध नाही. राज्यांच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास उत्तम दर्जाच्या सिम्युलेशनमध्ये झाले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नव्हता. परंतु आधी आखून, प्रशिक्षित शिक्षकांसह केलेले सिम्युलेशन वेगळे आणि जागा मिळाली नाही म्हणून केलेली भरपाई वेगळी. म्हणून माहिती सत्रात मी पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते : गेल्या तुकडीची क्लिनिकल नेमकी कोणत्या रुग्णालयांत झाली, आणि किती जागा ऐन वेळी बदलल्या? जे अभ्यासक्रम तासिका ऑनलाइन घेतात आणि क्लिनिकल शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकतात, त्यांपासून दूर राहावे.

तरीही जे शिकले ते त्या वॉर्डांतच. एका सकाळी खाटेवर बसलेल्या आजींनी माझ्या नावाची पट्टी वाचून विचारले, "तू आपल्यातली का गं?" त्या साताऱ्याकडच्या होत्या, मुलाकडे आल्या होत्या आणि आदल्या दिवसापासून नीट जेवल्या नव्हत्या. मी त्यांच्याशी मराठीत बोलले, उशी सारखी केली, कोमट पाणी दिले. पण औषधांची माहिती देण्याची वेळ आली तेव्हा मार्गदर्शिकेने फोनवरचा अधिकृत दुभाषी जोडायला सांगितला, कारण दुभाष्याचे प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थिनीने वैद्यकीय सूचनांचे भाषांतर करू नये असा त्या रुग्णालयाचा नियम होता. मी बाजूला उभी राहून आजींचा हात धरला. माया आणि जबाबदारी यांच्यातली रेघ मला त्या दिवशी समजली.

आता घराबद्दल, कारण प्रवेशाचा निर्णय बहुतेकींच्या बाबतीत स्वयंपाकघरातल्या टेबलावरच होतो. आठवड्यात दोन दिवस बारा-बारा तासांचे क्लिनिकल, दोन दिवस वर्ग, एक दिवस लॅब, आणि या सगळ्यावर रोजचे चार-पाच तास वाचन. नोकरी सांभाळून हे होत नाही. माझी मुले तेव्हा चार आणि नऊ वर्षांची होती. पहिले सहा महिने आई नाशिकहून आली, नंतरचे सहा महिने सासूबाई. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी साधारण तेवढाच मुक्काम मिळतो. उरलेले तीन महिने, म्हणजे नेमके शेवटचे आणि सर्वांत कठीण सत्र, माझे पती आणि शेजारच्या एक तेलुगू ताई यांच्या भरवशावर गेले. सासूबाईंना सुरुवातीला "एवढी एम.एस्सी. होऊन सिस्टर?" असे वाटत होते. सहा महिने रोज पहाटे माझा डबा त्यांनीच भरला आणि निकालाच्या दिवशी साताऱ्याच्या त्या आजींची आठवण माझ्याआधी त्यांनीच काढली.

पैशांचा विचार भाबडेपणाने करू नये. माझे शिक्षणशुल्क साठ हजार डॉलरच्या घरात गेले. पूर्वतयारीचे विषय, गणवेश, पुस्तके, ऑनलाइन सराव आणि पेट्रोल वेगळे. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येते, परंतु केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड असलेल्यांनाही दुसऱ्या पदवीसाठी पेल हे गरजू विद्यार्थ्यांचे सरकारी अनुदान मिळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पदवीनंतर काम करण्याचा परवाना हवा. माझ्याकडे एच-४ ईएडी, म्हणजे त्या व्हिसावर काम करण्याचे परवानापत्र, होते. ते नसेल आणि मिळण्याची शक्यता जवळ नसेल, तर परवानाधारक परिचारिका होऊनही घरी बसावे लागेल, कारण वॉर्डातील सर्वसाधारण नर्सिंगच्या नोकरीसाठी एच-१बी सहसा मिळत नाही. ज्यांना मी थांबवले त्यांतल्या चौघींचे कारण हेच होते. परवानगी असेल तर मात्र गणित जुळते : मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार नोंदणीकृत परिचारिकांचे मध्यक वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते.

कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा असोसिएट पदवीचा मार्गही मोजून पाहावा. परीक्षा आणि परवाना तोच, खर्च पुष्कळ कमी, आणि पुढे नोकरी करता करता बी.एस.एन. ऑनलाइन पूर्ण करता येते. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये नव्या परिचारिकांनी दहा वर्षांत बी.एस.एन. मिळवावे असा कायदा २०१७ मध्ये झाला, आणि मोठी रुग्णालये पदवीधरांना पसंती देतात. तरी कर्ज न काढता शिकायचे असेल तर हा मार्ग कमी प्रतीचा मानण्याचे काहीच कारण नाही.

महाविद्यालय निवडताना सी.सी.एन.ई. किंवा ए.सी.ई.एन. या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आणि राज्याच्या नर्सिंग मंडळाची मंजुरी स्वतः तपासावी. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातील काही नर्सिंग शाळांनी सुमारे ७,६०० बनावट पदव्या आणि गुणपत्रिका विकल्याचे प्रकरण उघड झाले. झटपट पदवीची घाई कोठवर नेऊ शकते ते त्यातून दिसले. एनक्लेक्सच्या निकालाची टक्केवारी पाहतानाही एक काळजी घ्यावी : ती परीक्षेला बसलेल्यांची असते. माझ्या लॅबच्या गटात आम्ही आठ जणी होतो आणि ठरल्या वेळी पदवी घेतलेल्या पाच. मागे राहिलेल्या तिघी त्या टक्केवारीत कोठेच दिसत नाहीत. किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यांतले किती जण वेळेत बाहेर पडले, हा आकडा मागून घ्यावा, आणि तो देताना टाळाटाळ झाली तर अनामत रक्कम भरू नये.

गेल्या महिन्यात प्रिन्स्टनची एक मैत्रीण येऊन बसली होती. ग्रीन कार्ड आहे, मुलगा दीड वर्षाचा, बी.फार्म.ला दहा वर्षे झालेली, आणि हातात त्याच अभ्यासक्रमाचा अर्ज. मी तिला अर्ज बाजूला ठेवून आधी कम्युनिटी कॉलेजात शरीररचनेचा पहिला भाग एकटाच घ्यायला सांगितले. मुलाला झोपवून हाडांची दोनशे सहा नावे रोज थोडी थोडी वाचता येतात का, आणि त्या वेळी घरात दुसरे कोण जागे असते, हे चार महिन्यांत तिला आणि तिच्या पतीलाही कळेल. तिने नाव नोंदवले आहे. वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला आहे.