लिंगातलं इम्प्लांट: टिकतं किती, आणि बिघडतं कुठे

लिंगाला ताठरपणा येत नाही म्हणून गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, व्हॅक्यूम पंपही करून झाला, आणि मग पेशंट इम्प्लांटच्या गोष्टीपर्यंत येतो. पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा टिकण्याचा. विकणारे दुसऱ्याचं उत्तर ‘आयुष्यभर’ असं देऊन मोकळे होतात. ते खरं नाही. तीन भागांचं फुगवायचं इम्प्लांट बसवलेले शंभर जण घेतले, तर वर्षभराने साधारण 93 जणांचं पहिलंच इम्प्लांट चालू असतं, 5 वर्षांनी 87 जणांचं, 10 वर्षांनी 77, 15 वर्षांनी 64 आणि 20 वर्षांनी 53 जणांचं. अनेक अभ्यास एकत्र मोजून काढलेले हे आकडे आहेत.

या आकड्यांत एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरत नाही. पहिल्या एका वर्षात सात इम्प्लांट गेली, आणि पुढच्या चार वर्षांत मिळून सहाच. म्हणजे बिघाडाच्या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्या वर्षात जातं ते बहुतेक संसर्गामुळे किंवा बसवण्यातल्या चुकीमुळे. दहाव्या वर्षी जातं ते झिजून. पहिल्याचा संबंध सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि तुमच्या साखरेशी, दुसऱ्याचा वस्तूशी. लोक मात्र सगळा वेळ ब्रँडची तुलना करण्यात घालवतात.

वस्तू काय आहे ते आधी. लिंगाच्या आत दोन्ही बाजूंना उभ्या ज्या स्पंजासारख्या पोकळ्या असतात, त्यांत दोन सिलिंडर बसतात. अंडकोशाच्या पिशवीत दोन अंडांच्या मधे किंवा बाजूला पंप. ओटीपोटात, जघनाच्या हाडामागे किंवा पोटाच्या स्नायूखाली, सलाइनची पिशवी, म्हणजे रिझर्व्हॉयर. तिची मापं मॉडेलप्रमाणे 65 मिलीपासून 125 मिलीपर्यंत. सगळं बारीक नळ्यांनी जोडलेलं. पंप दहा-वीस वेळा दाबला की सलाइन पिशवीतून सिलिंडरमध्ये येतं, सोडायचं बटण दाबलं की परत जातं. ही रचना ह्यूस्टनचे सर्जन ब्रँटली स्कॉट यांनी 1973 मध्ये मांडली आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. शिश्नमुंड, म्हणजे लिंगाचं पुढचं टोक, मात्र याने ताठ होत नाही, स्पर्शाची जाणीव आणि वीर्यपतन याने सुधारतही नाही आणि जातही नाही. हे आधी नीट सांगितलं नाही की इम्प्लांट उत्तम चालत असूनही पेशंट नाराज राहतो.

आता संसर्ग. पहिल्या ऑपरेशनमध्ये याचं प्रमाण 1 ते 3 टक्के, दुसऱ्यांदा बदलताना त्याहून बरंच जास्त. जंतू बहुतेक वेळा त्वचेवरचेच असतात आणि ऑपरेशनच्या तासाभरातच आत शिरतात. सिलिकॉनवर ते चिकट थर तयार करतात आणि त्या थराखाली अँटिबायोटिक पोचत नाही. म्हणून इम्प्लांटला लागलेला संसर्ग गोळ्यांनी बरा होत नाही, वस्तू काढावीच लागते. यावर 2001 च्या सुमारास मोठा फरक पडला. बाजारातल्या दोन मुख्य मॉडेलांपैकी एएमएस 700 च्या सिलिंडरवर रिफाम्पिन आणि मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकांचा लेप येऊ लागला, तर पुढच्याच वर्षी दुसऱ्या, आताच्या टायटन मालिकेवर पाणी शोषणारा लेप आला, जो सर्जन बसवण्यापूर्वी अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवतात. बुडवायला कोणतं औषध घ्यायचं हा निर्णय सर्जनचा, आणि तो विचारण्यासारखा आहे.

मधुमेह असेल तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, किती आहे ते पाहून तारीख ठरवतात. एका मोठ्या अभ्यासात 8.5 च्या वर संसर्गाचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. ऑपरेशन महिना-दोन महिने पुढे ढकलून साखर खाली आणणं यात काही कमीपणा नाही. घाई करणारा सर्जन दिसला तर सावध व्हावं. लघवीत जंतू असतील, जांघेत गजकर्ण असेल, दाढ सुजली असेल, तर आधी ते बरं करायचं. आदल्या रात्री घरी ब्लेड चालवू नये, केस थिएटरमध्येच काढतात.

संसर्ग ओळखायची एक खूण फार लोकांना माहीत नसते. ताप आणि पू दिसेलच असं नाही. टाके भरून आल्यावर दुखणं कमी होत जायला हवं, ते पुन्हा वाढू लागलं, आणि अंडकोशातला पंप हाताला मोकळा हलण्याऐवजी त्वचेला आतून चिकटल्यासारखा लागला, तर त्याच दिवशी दाखवावं. वेळेवर पकडलं तर जुनं काढून, जखम औषधांच्या द्रावणांनी क्रमाने धुऊन, त्याच ऑपरेशनमध्ये नवीन बसवता येतं. अमेरिकी सर्जन मल्केही यांची ही पद्धत 1996 पासून वापरात आहे आणि त्यांच्या मालिकेत पाचांपैकी सुमारे चार जणांचं नवं इम्प्लांट संसर्गाशिवाय टिकलं. आता बरेच सर्जन अशा वेळी फुगवायच्या जागी वाकवायच्या, पंप नसलेल्या साध्या दांड्या बसवतात. नुसतं काढून सहा महिन्यांनी बघू म्हटलं तर आतली जागा घट्ट व्रणाने भरते, लांबी कमी होते आणि पुढचं ऑपरेशन सगळ्यांत अवघड होऊन बसतं.

माप चुकणं हे दुसरं लवकरचं कारण. सिलिंडर आखूड पडला तर शिश्नमुंड खाली लोंबतं. लांब पडला तर तो आत इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, दुखतो, आणि त्याच वळणावर पुढे झिजतो. टोकाशी पोकळीची भिंत फाटली असेल तर महिन्यांनी, कधी वर्षांनी, सिलिंडरचं टोक कडेला त्वचेखाली हाताला लागू लागतं. ते बाहेर पडायच्या आत दुरुस्त करता येतं. शेवटचे टाके घालताना सिलिंडरला सुई लागून पडलेलं छिद्र हा तर निव्वळ हातचा दोष. म्हणून जाणते सर्जन टाके आधीच घालून ठेवतात आणि सिलिंडर बसवल्यावर फक्त गाठी मारतात.

न्यूयॉर्क राज्याच्या नोंदींत वर्षाला 31 पेक्षा जास्त इम्प्लांट बसवणाऱ्या सर्जनांकडे संसर्गामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ सगळ्यांत कमी आली होती. तेव्हा मुंबई-पुण्यात चौकशी करताना ‘सर, वर्षाला किती बसवता आणि बदलायची किती करता?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. दुसरा आकडा शून्य सांगणारा एकतर नवीन आहे किंवा त्याचे पेशंट परत दुसरीकडे जातात.

पहिलं वर्ष पार पडलं की मग वस्तूची परीक्षा सुरू होते. झिजून होणारा बिघाड म्हणजे जवळजवळ नेहमी सलाइनची गळती. कुठून गळतं? मोबाइलच्या चार्जरची वायर पिनच्या मानेशी तुटते, तशी नळी पंपाला जिथे जोडलेली असते तिथे. पंप दाबताना तीच जागा दर वेळी वाकते. दुसरी जागा सिलिंडरचा कायम घडी पडणारा भाग. एएमएस 700 चा सिलिंडर तीन थरांचा आहे, आत-बाहेर सिलिकॉन आणि मधे विणलेलं कापड. थर एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांवर पेरिलीनचा पातळ लेप देतात आणि त्यानंतर झीज लक्षणीय कमी झाली. टायटनचा सिलिंडर बायोफ्लेक्स नावाच्या पॉलियुरेथेनचा, एकाच थराचा आणि चिवट. जास्त जाडी हवी असेल त्यांना तो आवडतो. दहा वर्षांच्या हिशेबात दोन्हींत असा फरक नाही की त्यावर सर्जन बदलावा. ज्याच्या हाताला जे सवयीचं, ते त्याने बसवावं.

घरी काय जाणवतं? गळती सावकाश असेल तर आधी ताठरपणा थोडा मऊ होतो, महिन्याभरात पंप नुसता पोकळ दाबला जातो. पंपाचा फुगा दाबल्यावर चपटाच राहिला आणि परत भरला नाही, तर सलाइन संपलं आहे किंवा पिशवीकडची नळी मुडपली आहे. उलट फुगा दगडासारखा घट्ट आणि दाबलाच जात नसेल तर सलाइन जागेवर आहे, झडप अडकली आहे. बरेच दिवस न वापरल्यावर हे होतं. आधी सोडायचं बटण दाबून धरायचं, मग दोन्ही हातांच्या बोटांनी फुगा एकदा जोर लावून दाबायचा. बहुतेक वेळा ‘टच्’ होऊन सुटतो. ही युक्ती माहीत नसल्यामुळे चांगली इम्प्लांटं बिघडली म्हणून दाखवायला आणली जातात. गळालेलं सलाइन शरीरात जिरून जातं, त्याचा धोका नाही, रात्री इमर्जन्सीत धावायची गरज नाही. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली की निदान झालं.

दुरुस्तीत फक्त तुटलेली नळी जोडता येते, पण इम्प्लांट दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सगळा संच बदलणं शहाणपणाचं. एक भाग गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. जुनी पिशवी संसर्ग नसेल तर रिकामी करून आतच ठेवली तरी चालते, ती उकरून काढताना मूत्राशयाला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

आपोआप थोडं फुगणं ही तक्रार पूर्वी फार असे. पिशवीभोवती शरीर जो कोष बनवतं तो लहान बनला की खोकताना, वाकताना सलाइन सिलिंडरकडे ढकललं जातं. नव्या मॉडेलांत अडवणारी झडप आहे. तरीही पहिल्या आठवड्यांत पिशवी पूर्ण भरलेली ठेवायची, म्हणजे कोष मोठा बनतो. पंप रोज हलक्या हाताने खाली ओढायचा, नाहीतर तो वर सरकून तिथेच धरून बसतो. चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर चालू करून दाखवतात. पुढे काही महिने रोज फुगवून काही वेळ तसंच ठेवून सोडायचं. हा व्यायाम टाळणारेच नंतर लांबी कमी झाल्याची तक्रार करतात. तसंही, ऑपरेशनआधी लिंग ताणून जेवढं भरतं साधारण तेवढीच लांबी मिळते, तरुणपणाची नाही.

वाकवायच्या दांड्यांबद्दल थोडक्यात. सलाइन नाही, पंप नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फारसं काहीच नाही, आणि किमतीत तर तुलनाच नाही: आयात केलेला तीन भागांचा संच लाखांत जातो. भारतात मुंबईच्या डॉ. रुपिन शहा यांच्या नावाचं शहा इम्प्लांट वर्षानुवर्षं वापरात आहे. त्यावरच्या नळीसारख्या बाह्या काढून-घालून जाडी जुळवता येते. संधिवात, कंपवात यांमुळे बोटांत जोर नसेल त्यांना हाच पर्याय बरा. तोटा असा की दाब चोवीस तास असतो. पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे संवेदना गेली असेल तर दांडीचं टोक त्वचा कुरतडत बाहेर येईपर्यंत कळत नाही. आणि पातळ पायजम्यात लपवणं हे एक वेगळंच काम. दोन भागांचं, म्हणजे वेगळी पिशवी नसलेलं, इम्प्लांट मधलं आहे: मुळाशी खाली वाकवून काही सेकंद धरलं की उतरतं, पण सलाइन कमी असल्याने ताठ आणि सैल यांत फरक कमी जाणवतो. ओटीपोटात मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी ते सोयीचं.

मग घ्यावं का? सत्तरीच्या माणसाला एक संच बहुधा पुरून उरतो. पस्तिशीतल्या माणसाने आयुष्यात निदान एक-दोनदा बदलायची तयारी मनात आणि खिशात ठेवूनच होकार द्यावा. कंपनीची आजीवन हमी असते ती वस्तूपुरती. थिएटर, भूल, सर्जनची फी, खोली हे सगळं पुन्हा आपल्याच माथी. हमी भारतात कशी लागू आहे, बदली संच कोण मागवणार, किती दिवसांत येणार, हे ऑपरेशनआधी लेखी घ्या आणि मॉडेल, माप, सीरियल नंबर असलेलं कार्ड मागून घ्या.

त्या कार्डाचा फोटो घरातल्या एका माणसाच्या फोनमध्येही हवा. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला पिशवी कोणत्या बाजूला आहे ते कळायला हवं. एमआरआयच्या खोलीत तंत्रज्ञ मॉडेल विचारतो. आणि कधी आयसीयूमध्ये लघवीची नळी घालायची वेळ आली, तर आधी इम्प्लांट पूर्ण उतरवून, 12 किंवा 14 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) बारीक नळी भरपूर जेली लावून घालायची आणि शक्य तितक्या लवकर काढायची. हे सिस्टरला सांगणारं कोणीतरी तिथे असावं लागतं, कारण बेशुद्ध पेशंट सांगू शकत नाही.